चेहरा नको, हात घ्या

मासळीच्या धंद्यातल्या बायकांवर तीन-चार मिनिटांच्या फिल्मा बनवा आणि पाठवा, अशी एक स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली. ती भरवणारी संस्था फ्रान्समधली, नाव डब्ल्यूएसआय, स्थापना २०१६ ची. संस्थेमागे मारी क्रिस्तीन मॉनफोर नावाच्या मासळी-बाजाराच्या अभ्यासक बाई आहेत. २०१५ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी एक अहवाल लिहिला होता. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली: मासळीच्या धंद्यात राबणाऱ्या दर दोन माणसांमागे एक बाई आहे. तरी ती दिसत नाही, कारण मोजणारा फक्त होडीत कोण बसलंय तेवढं बघतो. होडी किनाऱ्याला लागल्यावर जे सुरू होतं ते त्याच्या वहीत येत नाही. याच संघटनेचे २०२४ चे आकडेही तेच सांगतात. मासे पकडणं आणि पाळणं यात बायका २४ टक्के. पण मासळीवर पुढची प्रक्रिया करण्याच्या कामात मात्र ६२ टक्के.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात उर्दू शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी, दोन्ही विषय माझ्याकडे. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या घरी मासळीवर चूल पेटते. कुणाचा बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, कुणाचा तांडेल, कुणाचा भाऊ बहरीन नाहीतर कुवेतला. बोटींवर आता नेपाळी पोरंही पुष्कळ आहेत. पुरुष असे पांगले, तरी बाजारात मासळी येतेच, आणि ती आपल्या पायांनी चालत येत नाही. पहाटे लिलावात उभं राहून ती विकत घेणारी, बर्फात घालणारी, रिक्षात चढवणारी, विळीवर साफ करून देणारी, उरलेली मीठ लावून सुकवणारी बाईच असते. शाळेच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मात्र वडिलांचा व्यवसाय: मच्छीमारी. आईचा व्यवसाय: घरकाम. हे कुणी जुलमाने लिहायला लावलेलं नाही. आई स्वतःच तसं सांगते. एकीला मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर रोज पाटी घेऊन बाजारात बसता!" ती म्हणाली, "ते काय काम झालं, टीचर? ते तर करावंच लागतं."

या एका वाक्यामुळे मला त्या फिल्मांमध्ये रस वाटू लागला.

गेल्या वर्षी शाळेतल्या एका रिकाम्या तासाला मी नववीच्या मुलींना काही फिल्मा दाखवल्या. पहिली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची, पेटी हार्बर गावातली. तिथे मुलींना मासेमारी शिकवतात, गळ कसा टाकायचा, कॉड मासा कसा साफ करायचा. १९९२ मध्ये तिथल्या सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली होती, इतका मासा संपला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका दिवसात बसला. जी विद्या मुलींना कधी दिलीच नव्हती, ती आता त्यांच्यापर्यंत पोचवली जाते आहे. आमच्या मुलींनी बघितलं, पण त्यांना फारसं काही वाटलं नाही. जाड जॅकेट, गोरे चेहरे, थंड पाणी. "टीचर, त्या तर पिकनिकला गेल्यासारख्या वाटतात," एक म्हणाली.

मग मी मन्नारच्या आखाताची फिल्म लावली. 'शिफ्टिंग अंडरकरंट्स' असं तिचं नाव, २०१२ ची, रीटा बॅनर्जी यांनी केलेली. चेन्नईच्या आयसीएसएफ या मच्छीमारांसोबत काम करणाऱ्या संस्थेने ती काढली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या बायका समुद्रात बुडी मारून शेवाळ काढतात. बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला. जिथे त्या पूर्वापार जात आल्या ती बेटं राष्ट्रीय उद्यानात गेली, आणि आता वनखातं त्यांना अडवतं. याच बायकांतल्या चिन्नपालमच्या लक्ष्मी यांना २०१५ चा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. मुली इथे सरसावून बसल्या. बोटांच्या पट्ट्या बघून मागच्या बाकावरून आवाज आला, "माझी अम्मी पण अशाच बांधते. कोळंबी सोलताना."

शेवटी झांझिबारचं चित्रण लावलं. १९८९ च्या सुमारास तिथे समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली, आणि ती करणाऱ्या बहुसंख्य बायकाच. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. डोक्याला रुमाल, अंगभर कपडे, सगळ्या मुसलमान. वर्ग एकदम गप्प झाला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "टीचर, या आपल्यासारख्या आहेत."

हा "आपल्यासारख्या" शब्द ऐकून मला वाईटही वाटलं. आपल्यासारखी बाई बघायला आमच्या मुलींना हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जावं लागलं. महाराष्ट्रात मासळीवाली बाई म्हटलं की डोळ्यांसमोर कोळीण येते. नाकात नथ, गळ्यात सोनं, कासोटा मारलेलं लुगडं, खणखणीत आवाज. गाण्यांतून, सिनेमांतून, गॅदरिंगच्या नाचांतून ती आपल्या ओळखीची झाली आहे. (आमच्याच शाळेत दरवर्षी कुणीतरी कोळीनृत्य बसवतंच. ज्यांच्या अम्मी खरोखर मासे विकतात त्या मुली भाड्याने आणलेली लुगडी नेसून कागदाचे मासे घेऊन नाचतात.) त्या कोळिणींबद्दल मला आदरच आहे. त्यांनी आपला हक्क भांडून मिळवला आहे, आणि २०१७ च्या अखेरीस मुंबईत ससून डॉकवर जो कलाप्रकल्प झाला त्यात त्यांचे चेहरे भिंतभर रंगवले गेले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. १८७५ पासूनच्या त्या गोदीत कोळंबी सोलत किती बायकांची आयुष्यं गेली असतील.

पण आमची बाई त्या चित्रात बसत नाही. ती मॅक्सीवर ओढणी घेऊन बसते. ती कोळीण नाही, कारण ते जातीचं नाव आहे आणि ती जात तिची नाही. मराठीत 'मच्छीमार' पुरुष. उर्दूत 'माहीगीर', तोही पुरुषच. 'मासळीवाली' हा गिऱ्हाइकाचा शब्द, हाक मारण्यापुरता. मी दोन भाषा शिकवून पगार घेते, आणि या दोन्ही भाषांत माझ्या विद्यार्थिनीच्या आईच्या कामाला धड नाव नाही. फॉर्मवर ती तरी काय लिहील?

एक जुना शब्द आहे: दालदी. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येही तो आहे, मासेमारी करणाऱ्या मुसलमानांसाठी. लहानपणापासून मी तो बहुतेक वेळा हिणवण्यासाठीच ऐकला. आपल्यात जातपात नाही असं आपण बाहेरच्यांना सांगतो. नमाजाच्या सफेत ते खरंही आहे. पण सोयरिकीच्या बैठकीत बसून बघा. "घराणं चांगलं आहे, मुलगा दुबईला आहे, पण..." या 'पण' नंतर आवाज खाली जातो, आणि मासळीचा विषय निघतो. खदीजा रजिअल्लाहु अन्हा व्यापार करत होत्या, हे प्रत्येक जलशात अभिमानाने सांगतात. सांगणारे मौलाना घरी जाताना रस्त्यात पाटीवाल्या खालाकडून बांगडे घेतात, आणि तिच्या मुलीचं स्थळ मात्र आपल्या पोराला सुचवत नाहीत. व्यापार तोच, फक्त त्याला वास येतो.

माझी नानी पाटी घेऊन फिरायची. खाडीच्या पलीकडच्या तीन गावांत. होडीने पलीकडे, मग चढण चालून. मी तिला बघितलं ते थकल्यावर. ओसरीत बसून सोडे निवडताना. आमच्या घरात आता इंजिनिअर आहेत, एक भाचा जहाजावर अधिकारी आहे, मी शिक्षिका. नानीच्या पाटीचा विषय आमच्याकडे निघत नाही. हा लेख लिहिण्याआधी मी अम्मीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. पण लिहायचं तर हे पण लिही, की मॅट्रिकच्या फीचे पैसे तिच्या कमरेच्या पिशवीतून आले होते. तुझ्या नानाच्या नाही." ते मी इथे लिहिलं आहे.

तर, वर्गात मी मुलींना सांगितलं की तुम्हीही अशी फिल्म करा. चार मिनिटांची. मोबाइल घरात असतोच. स्पर्धा-बिर्धा सोडून द्या, आपल्यासाठी करा. पाच जणींनी नावं दिली. दुसऱ्या दिवशी चौघी मान खाली घालून आल्या. घरचे नाही म्हणाले.

या नकाराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण शहरातले वाचक लगेच एक ठरलेलं उत्तर काढतील. पडदा, मौलवी, पुरुषांची सत्ता. यातलं काही खरं आहे. एका मुलीचा भाऊ म्हणाला की माझ्या आईला यूट्यूबवर बघून लोक काय बोलतील. पण मी घरोघरी जाऊन बसले तेव्हा कळलं की बहुतेक ठिकाणी नकार बाईचाच होता आणि त्याची कारणं साधी होती. एकीला भीती की फोटो निघाला तर बाजारातली जागा जाईल, कोणीतरी पावती विचारत येईल. एकीच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. एक जण म्हणाली, "माझं तोंड कशाला? उन्हात काळं झालंय." आणि एक जण, जिच्या बोलण्याने मी वर्षभर शिकते आहे, ती म्हणाली, "तोंड दाखवून लोक रडतात, बिचारी म्हणतात. मला बिचारी नाही व्हायचं. हात घ्या माझे. हातानेच सगळं होतं."

मग आम्ही तेच ठरवलं. चेहरा घ्यायचा नाही. हात आणि आवाज.

आणि आश्चर्य म्हणजे, फिल्म त्यामुळे सुधारली. चेहरा आला की बघणारा चेहऱ्यावरचं दुःख शोधत बसतो. हात आले की काम बघावं लागतं. कोळंबीचं डोकं मोडून, पाठीवरून बोट फिरवून, काळा दोरा ओढून, सोललेली कोळंबी बर्फाच्या पाण्यात टाकायची. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. तोच हात दुसऱ्या कोळंबीवर. मजुरी किलोवर. चार तासांनी बोटांची टोकं पांढरी पडतात, कातडी सुटते, काटे रुतलेल्या जागा चुरचुरतात. कॅमेरा सलग दीड मिनिट त्या हातांवर होता. वर्गात हे दाखवलं तेव्हा एक मुलगी मोजत होती: एका मिनिटात बावीस. भारताची मासळीची निर्यात २०२३-२४ मध्ये ६० हजार कोटी रुपयांच्या वर होती, आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश कमाई गोठवलेल्या कोळंबीची. त्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली असेल, आमच्याकडची थोडीच. पण डोकं मोडल्याशिवाय ती कुठलीच कोळंबी गोठत नाही, आणि ते काम सगळीकडे बहुतेक बायकांच्याच हातून होतं.

दुसरी फिल्म बाजारातली. मुलगी स्वतःच्या अम्मीबरोबर पहाटे लिलावाला गेली. अंधारात टॉर्चच्या उजेडात ढीग ओतलेले, भोवती बायका उकिडव्या बसलेल्या. बोली इतकी भरभर होते की ती मुलगी, जी रोज हे ऐकत मोठी झाली, तिलाही कळलं नाही की अम्मीने कधी मान हलवली आणि क्रेट कधी तिचं झालं. हे चित्रण मला सगळ्यांत आवडलं. त्यात ढीग उलटापालटा करणारी बोटं आहेत: कल्ले उघडून लाली बघणारी, पोट दाबून ताठपणा बघणारी, वरचे मोठे बांगडे बाजूला सारून खाली बारके किती लपवलेत ते बघणारी. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि तिच्यावर त्या दिवसाची कमाई ठरते. माझ्या बी.एड.च्या वर्षात मूल्यमापनावर एक अख्खा पेपर होता. इतकं नेमकं मूल्यमापन मी तिथे बघितलं नाही.

फिल्मच्या निवेदनावरून मात्र अडलं. कुठल्या भाषेत बोलायचं? मुलीने आधी उर्दूत लिहिलं, कारण शाळेचं काम म्हणजे उर्दू. "मेरी वालिदा फ़जर के बाद..." असं सुरू झालं आणि तिसऱ्या ओळीत थांबलं, कारण क्रेट, पाटी, भांग, उधाण, सौंदाळे, म्हाकूल यांना उर्दूत काय म्हणायचं ते ना तिला माहीत ना मला. मग मराठीत लिहिलं, तर पुस्तकी झालं. 'मत्स्यविक्री' असा शब्द आला आणि सगळ्या हसल्या. शेवटी मी म्हटलं, घरी जे बोलतेस तेच बोल. आमची कोकणी मुसलमानी बोली. तिला लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही, शाळेत ती बोलली तर काही शिक्षक अजून टोकतात. पण मासळीचं एकूण एक नाव तिच्यात आहे. फिल्मच्या चार मिनिटांत ती बोली पहिल्यांदा वर्गाच्या स्पीकरमधून ऐकू आली.

फिल्म तयार झाल्यावर आम्ही एका शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये आयांना बोलावलं. वीस-बावीस जणी आल्या. पुरुषांना बोलावलं नव्हतं. तीन-चार जण तरी खिडकीत उभे राहिलेच. मला वाटलं होतं कौतुक होईल, एखादीचे डोळे भरून येतील. कुणाचे भरले नाहीत. बाजाराच्या फिल्ममध्ये मुलगी सांगते, "माझी अम्मी रोज साडेपाचशे रुपये कमावते." हे ऐकताच तिची अम्मी उठून उभी राहिली.

"कोण म्हणतं साडेपाचशे?"

मुलगी गांगरली. "अम्मी, २,४०० ला घेतलं, २,९५० ला विकलं..."

"आणि बर्फ? ८० चा बर्फ तुझ्या बापाने दिला? रिक्षातला माझा वाटा १२०. बाजाराची पावती २०. लिही."

मी फळ्यावर लिहिलं. २,९५० वजा २,६२०. उरले ३३०. तेवढ्यात दुसरी म्हणाली, हे चांगल्या दिवसाचं झालं. मासळी उरली की दुपारनंतर भाव पडतो, २,३०० सुद्धा हातात येत नाहीत, मग ३२० रुपये पदरचे गेले. तिसरी म्हणाली, घेतलेल्या मासळीचे पैसे संध्याकाळपर्यंत चुकते करावे लागतात, नाहीतर उद्या उधारीवर कोण देणार? चौथी म्हणाली, १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, ६१ दिवस, ते धरा. तेव्हा सुकं विकून भागवायचं. पुढचा पाऊण तास हिशेब चालला. फिल्म राहिली बाजूला. फळा भरला. स्वतःचं काम 'काय काम झालं?' म्हणणारी जी बाई, ती शेवटी खडू हातात घेऊन उभी होती आणि सांगत होती की पहाटे चार ते दुपारी एक, नऊ तास धरा, वर घरी येऊन पाटी-सुऱ्या धुवायचा एक तास.

मला वाटतं फिल्मचं खरं काम ते होतं. मान-सन्मान वगैरे शब्द आपण फार वापरतो. ८ मार्चला हार घालतात, फोटो काढतात, नारळ देतात. त्या बाईला हार नको होता. तिचा आकडा चुकला होता आणि तो तिला दुरुस्त करायचा होता. आकडा चुकलाय हे कळायला आधी तो कुणीतरी मोठ्याने बोलावा लागतो, पडद्यावर, चारचौघींसमोर. तोपर्यंत तिच्या कामाचा आकडा कुणी काढलेलाच नव्हता, तिनेही नाही.

आणि आकड्याला सरकारदरबारी किंमत आहे. २०१९ च्या वादळांनंतर राज्याने मच्छीमारांसाठी जी मदत जाहीर केली तिच्यात मासे विकणाऱ्या बायकांच्या शीतपेट्यांसाठीही पैसे धरले होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान, तर महिलेला ६० टक्के. किसान क्रेडिट कार्ड शेतकऱ्यांपुरतं होतं, ते २०१८-१९ पासून मासळीच्या धंद्यालाही लागू झालं. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ पासून आहे. कागदावर बरंच आहे. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: तुम्ही हा धंदा करता याचा पुरावा काय? मच्छीमार संस्थेचं सभासदत्व नवऱ्याच्या नावावर. बोट असली तर तीही त्याच्या किंवा सासऱ्याच्या. बाजाराची २० रुपयांची पावती रोज मिळते, रोज ओली होऊन फाटते. रेशनकार्डावर, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे: घरकाम. बाई खोटं बोलत नाही, पण तिचे सगळे कागद तिच्याविरुद्ध साक्ष देतात.

फिल्म हा पुरावा होऊ शकत नाही, एवढं मलाही कळतं. कुठलं ऑफिस चार मिनिटांची क्लिप बघून अर्ज मंजूर करणार आहे? पण त्या शुक्रवारनंतर सहा जणींनी पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवायला सुरुवात केली. एका मुलीने अम्मीसाठी वही घातली आहे: तारीख, खरेदी, बर्फ, रिक्षा, पावती, विक्री, उरलं. वही उर्दूत आहे, आकडे मराठीत, माशांची नावं कोकणीत. ऑडिटरला दाखवली तर त्याला चक्कर येईल, पण वही आहे. या जूनमध्ये मी प्रवेशाचे फॉर्म भरून घेताना आईच्या व्यवसायाच्या रकान्यात 'मासळी व्यापार' असं तीन जणींनी स्वतः सांगितलं. चौथीने सांगितलं, पण तिच्या मुलीनेच माझा हात धरला, "टीचर, नको लिहू, माझं नाव वरच्या शाळेत जायचंय." तिथे 'घरकाम'च राहिलं. त्या मुलीला मी काही बोलले नाही. वरच्या शाळेतल्या बाकावर वास येतो म्हणून सरकून बसणाऱ्या मुली असतात. मी त्या शाळेत शिकले आहे.

एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलेला नाही. हातांच्या फिल्मा करताना आपण चेहरा लपवण्याच्या बाजूने उभे राहतो का? एका मैत्रिणीने, ती पुण्यात सामाजिक काम करते, मला स्पष्ट विचारलं: कोळिणींनी तोंड दाखवलं, आवाज चढवला, म्हणून त्यांची दखल घेतली गेली. तुमच्या बायका बिनचेहऱ्याच्या राहिल्या तर त्यांची दखल कोण घेणार? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण चेहरा कुणाचा, कधी, कुणासमोर, हे कॅमेरा धरणाऱ्याने ठरवायचं की जिचा आहे तिने? ससून डॉकच्या भिंतीवर रंगवलेली बाई कदाचित हसत हसत तयार झाली असेल. आमची तयार नव्हती, आणि तिच्या 'नाही' मागे भीती किती आणि स्वाभिमान किती, ते मी बाहेरून मोजू शकत नाही. एवढंच सांगते की बाजारात बसलेली असताना तिचा चेहरा उघडाच असतो. शंभर गिऱ्हाइकं तो बघतात. लपतं ते काम.

आता पाचवी मुलगी उरली आहे, जिच्या घरून पहिल्याच दिवशी होकार आला होता. तिची फिल्म अजून झालेली नाही. तिची दादी साठीच्या पुढची, खडकांवर कालवं काढते. ही मुलगी महिन्यातून चार-पाच दिवस शाळेत उशिरा यायची आणि मला कारण कळायचं नाही. मग एकदा हजेरीपट आणि चांदाच्या तारखा शेजारी ठेवल्या. चांद १ ते ३ आणि १४ ते १७. अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी आमच्याकडे सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी येते. त्या दिवशीच लांबचे खडक उघडे पडतात. दादीबरोबर ती जायची. हिजरी तारीख आणि समुद्र दोन्ही एकाच चांदावर चालतात, हे मला माझ्या शाळेत कुणी शिकवलं नाही. दादीला ते पाठ आहे. आज चांद कितवा सांगा, ती पाणी किती वाजता उतरेल ते सांगते.

सकाळच्या ओहोटीला उजेड पुरत नाही, म्हणून संध्याकाळी शूटिंग करायचं ठरलं. तारखा बघितल्या तर पुढची सोयीची मोठी ओहोटी रमजानमध्ये आली, चांद १५ ला. पाणी साडेपाचच्या सुमारास पूर्ण उतरणार, म्हणजे परत येईपर्यंत मगरिब होणार. मी दादीला म्हटलं, खाला, रोज्यात नको, ईदनंतर बघू. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, टोपलीची दोरी आवळत होती. म्हणाली, "दर रमजानला जाते मी. खडकावरच रोजा सोडते. तुम्ही तुमचे खजूर घेऊन या, माझ्याकडे दोघींपुरतेच असतात."